दफ्तर आणि धवलेरी

एखाद्या संस्थेने आपले ज्ञान कितपत सांभाळिले हे ठरविताना रुमालांची संख्या मोजण्याचा प्रघात आम्हां संग्राहकांत आहे. आमच्या मते कसोटी निराळी : जाणता गेल्यावर त्याचे काम दुसऱ्यास चालविता येते की नाही. डहाणू-तलासरी प्रांतापुरती ती येथे लावून पाहतो.

१७३९ च्या वसई मोहिमेत डहाणू फिरंग्यांकडून मराठ्यांकडे आले. मराठ्यांच्या हुजूर दफ्तराची 'एक बेरीज' नामक शाखा कायम पुण्यात असे. ठिकठिकाणचे हिशेब तेथे येत आणि त्यांवरून खातेवार गोषवारे सिद्ध होत. नाना फडणिसांच्या हयातीत ही व्यवस्था चोख होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी ती विसकटली. मोडी तीच, रुमाल तेच. विचारणारा धनी राहिला नाही.

कागदास सीमेचेही भय असते. १९६० साली उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्या गावांची तलासरी झाली. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. गाव जागचे हलले नाही, कचेरी मात्र बदलत गेली.

आता वारल्यांकडे पाहू. त्यांस निरक्षर म्हणण्याची आमच्या मंडळींस खोड आहे. पण वारली चौक काढीत नाहीत, 'लिहितात'. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात, धवलेरी गाणी म्हणते, आणि तिच्यावाचून लग्न लागत नाही. ही स्त्री पुरोहित होय, आणि दफ्तरदारही. तिचे ज्ञान दर लग्नसराईत वापरात येते. चुकल्यास ऐकणाऱ्या वृद्धा तेथेच बसलेल्या असतात. एवढी कडक तपासणी पेशव्यांच्या फडावर तरी नित्य होत असेल काय?

मात्र या व्यवस्थेचे मर्मस्थानही तेच. धवलेरीमागे शिकणारी नसेल तर दफ्तर एका रात्रीत जळते. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीने वारली चित्र कागदावर आले. गंजाडनजीकचे जिव्या सोमा म्हसे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली कलेस भौगोलिक मानांकन लाभले. हे सर्व योग्यच झाले. परंतु मान मिळाला तो चित्रास. ज्या गाण्याच्या संगतीने ते लिहिले जाते ते मागे राहिले. अन्वय तुटलेल्या श्लोकासारखी ही स्थिती आहे. नोंद करावयाची तर गाणे व चौक एकाच बैठकीत, लग्नघरीच, वारली बोलीत टिपावे. शेजारी धवलेरीची शिष्या बसलेली असावी.