महाराष्ट्र आणि गोव्यातील इलेक्ट्रॉनिक संगीत

ज्या संगीतातील नाद तार, चामडे किंवा हवेचा स्तंभ यांच्या कंपनातून न निघता विद्युत मंडलांतून वा संगणकाद्वारे निर्माण केला जातो, त्यास इलेक्ट्रॉनिक संगीत असे म्हणतात. सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि सॅम्पलर ही त्याची प्रमुख वाद्ये होत. ठोक्यांचा वेग, तालाची मांडणी आणि नादाचा पोत यांवरून त्याच्या शैली ओळखल्या जातात. महाराष्ट्र व गोव्यात मात्र हे संगीत कोठे ऐकले गेले यावरूनही त्याचे रूप ठरत गेले. मुंबईचे ध्वनिमुद्रणगृह, हणजूणचा किनारा आणि गावोगावच्या मिरवणुका ही त्याची तीन महत्त्वाची ठिकाणे होत.

प्रमुख शैली

हाउस ही शैली 1980 च्या दशकात शिकागो येथे डिस्कोमधून उदयास आली. मिनिटाला सुमारे 120 ते 130 ठोके आणि प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा सारखाच आघात हे तिचे लक्षण होय. त्रितालात सम आणि खाली यांमुळे आवर्तनाचे भान राहते. हाउसमध्ये खाली नसतेच, त्यामुळे शास्त्रीय संगीताची सवय असलेल्या श्रोत्यास ते प्रथम एकसुरी वाटते. येथे बदल तालात नव्हे, तर नादाच्या पोतात हळूहळू घडतो. टेक्नो ही डेट्रॉइटमधील अधिक यांत्रिक शैली आहे. ट्रान्समध्ये वेग साधारण 130 ते 150 असतो आणि छोट्या स्वरावली दीर्घकाळ आवर्तित होतात. ड्रम अँड बेस ही लंडनमधून पुढे आलेली शैली 160 ते 180 ठोक्यांची आणि तुटक तालाची आहे. अँबियंट संगीतात अनेकदा ठोका नसतोच.

मुंबई : चित्रपट वाद्यवृंद आणि चरणजित सिंग

भारतातील पहिला नोंद घेण्याजोगा इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओ 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे मूग सिंथेसायझर बसवला. तेथील प्रयोग मर्यादित वर्तुळात राहिले. सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत हे नाद पोहोचवले ते मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांनी. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी 1970 च्या दशकात सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला, आणि 1980 च्या 'कुर्बानी' चित्रपटानंतर डिस्कोची लाट आली.

याच वाद्यवृंदांतील वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका काढली. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग त्यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर वाजवले. टीआर-808 या ड्रम मशीनने ठोका धरला, टीबी-303 ने बासची आवर्तने दिली आणि ज्युपिटर-8 वर रागविस्तार झाला. टीबी-303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती मींडेशी दूरचे नाते सांगते. मात्र यंत्राचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असल्याने भैरवातील कोमल ऋषभ-धैवताचे आंदोलन त्यातून उमटत नाही. मुद्रिका फारशी खपली नाही.

पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' प्रसिद्ध झाली आणि टीबी-303 च्या त्याच चिरचिऱ्या, वळत जाणाऱ्या नादातून ॲसिड हाउस ही शैली जन्मली. गिटारवादकांना सरावासाठी साथ म्हणून बनवलेले हे यंत्र बाजारात अपयशी ठरून 1984 मध्ये बंद झाले होते व जुन्या मालात स्वस्तात मिळत होते. डच संग्राहक एडो बाउमन यांना 2002 मध्ये सिंग यांची मुद्रिका सापडली आणि 2010 मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा 'ॲसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला' असा दावा वृत्तपत्रांतून होऊ लागला. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. शिकागोतील कलावंतांनी ही मुद्रिका ऐकल्याचा पुरावा नाही; समान यंत्रांमुळे दोन ठिकाणी समान नाद निघाला, एवढेच म्हणता येते. तरीही रागसंगीत आणि यंत्र यांची सांगड घालणारा पहिला मोठा प्रयत्न म्हणून तिचे महत्त्व कमी होत नाही. सिंग यांचे 2015 मध्ये मुंबईत निधन झाले. तत्पूर्वी उतारवयात त्यांना युरोपात मैफली करण्याची संधी मिळाली.

गोवा ट्रान्स

1960 च्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य हिप्पी उत्तर गोव्यातील हणजूण व वागातोर येथे येऊ लागले. किनाऱ्यावरील त्यांच्या रात्रींत प्रथम रॉक आणि रेगे वाजत असे. 1980 च्या दशकात काही डीजेंनी युरोपीय इलेक्ट्रॉनिक गाणी आणून त्यांतील गायन काढून टाकले आणि वाद्यभाग कॅसेटवर जोडून लांबवला. 1970 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले गोवा गिल हे या वर्तुळातील सर्वांत परिचित नाव होय. त्यांचे 2023 मध्ये निधन झाले.

या शैलीच्या घडणीत हवामानाचाही वाटा आहे. उष्णतेत ग्रामोफोनच्या तबकड्या वाकतात, म्हणून येथे डिजिटल ऑडिओ टेप वापरली गेली. तबकडीप्रमाणे टेपचा वेग जुळवता येत नसल्याने दोन गाणी बेमालूम मिसळणे कठीण होते. परिणामी प्रत्येक रचना ठोक्याविना सुरू होऊन तशीच संपणारी, आठ-दहा मिनिटांची बनली. पौर्वात्य वळणाच्या स्वरावली आणि एकावर एक चढणारे थर ही तिची अन्य वैशिष्ट्ये होत.

'गोवा ट्रान्स' हे नाव मात्र प्रामुख्याने गोव्याबाहेर रुजले. 1990 च्या दशकात लंडनमधील ड्रॅगनफ्लाय, टिप यांसारख्या ध्वनिमुद्रण संस्था आणि इस्रायलमधील कलावंतांनी ती जगभर नेली. हॅलुसिनोजेनचा 'ट्विस्टेड' (1995) हा तिचा मान्यताप्राप्त अल्बम आहे. पुढे तिच्यातून सायट्रान्स विकसित झाला. नावात गोवा असला, तरी रचनाकारांत गोमंतकीय जवळपास नव्हते. स्थानिकांचा सहभाग चटया अंथरून दिव्याच्या उजेडात रात्रभर चहा विकणाऱ्या स्त्रिया, खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे आणि झोपमोडीची तक्रार करणारे शेजारी असा होता.

2007 मध्ये कांदोळी येथे सनबर्न महोत्सव सुरू झाला आणि तिकीट, मंच, प्रायोजक असे नवे रूप आले. 2016 ते 2018 या काळात तो पुणे परिसरात भरला.

मिरवणुकीतील संगीत

इलेक्ट्रॉनिक संगीत महाराष्ट्रात सर्वाधिक लोक ऐकतात ते क्लबमध्ये नव्हे, तर रस्त्यावर. गणेशोत्सव, शिवजयंती, 14 एप्रिलची आंबेडकर जयंती आणि लग्नाच्या वराती यांत ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ध्वनिक्षेपकांची भिंत उभारली जाते. सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यातील वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावांपर्यंत, तिला 'डीजे' किंवा 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बी हे मुळात ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणाऱ्या तंत्राचे नाव आहे; या भिंतीशी त्याचा संबंध नाही.

या शैलीचे पूर्वरूप बेंजो पथकांत दिसते. विजेवर चालणारा बेंजो, कीबोर्ड आणि 1985 मध्ये बाजारात आलेला रोलँडचा ऑक्टापॅड यांमुळे पारंपरिक ठेके यंत्रावर आले. आजच्या रिमिक्समध्ये भीमगीत, कोळीगीत किंवा लावणीचा मुखडा घेऊन त्याखाली हलगी, संबळ वा ढोलाचे नमुने आणि खोल बास जोडला जातो. नाव नसलेल्या, पण ऐकताक्षणी ओळखू येणाऱ्या या शैलीची समीक्षेने फारशी दखल घेतलेली नाही. न्यूक्लिया या कलावंताने 'बास रानी' (2015) मध्ये अशाच रस्त्यावरील नादांचा वापर केल्यानंतर शहरी श्रोत्यांचे तिकडे लक्ष गेले.

ध्वनिमर्यादेचा वाद

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. 2018 च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने डीजेवरील बंदीस स्थगिती देण्यास नकार दिला.

कामगार-आरोग्याच्या प्रचलित निकषानुसार 85 डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो, तर 100 डेसिबलला ती मुदत केवळ 15 मिनिटांवर येते. भिंतीलगत तासन्‌तास नाचणारे तरुण आणि ट्रकवरील चालक-कामगार यांना हा धोका सर्वाधिक असतो. दुसऱ्या बाजूस, ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्यांनी कर्ज काढून सामग्री घेतलेली असते आणि त्यांचा हंगाम मोजक्या दिवसांचा असतो. बंदीनंतर अनेक मंडळे ढोल-ताशा, हलगी आणि लेझीम यांकडे वळली. सोलापूरच्या मिरवणुकांत लेझमीची परंपरा जुनी आहे. ढोल-ताशांचा आवाजही मर्यादेपलीकडे जात असल्याने नियम केवळ यंत्रांनाच का लावला जातो, हा व्यावसायिकांचा आक्षेप कायम आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरही रात्री दहाच्या याच नियमामुळे उघड्यावरील रात्रभराच्या पार्ट्या घटल्या. त्यांची जागा बंदिस्त क्लबांनी आणि कानाला लावायच्या हेडफोनवरील 'मूक' पार्ट्यांनी घेतली.