गिऱ्हाईक दाखविण्याचे दाम

'लीड' हा शब्द आमच्या शेवगावकडे फार दिवस एकाच अर्थाने चालत आला. मतमोजणीच्या दिवशी चौकात उभे राहून लोक एकमेकांना विचारतात, "किती लीड?" तोच शब्द दोन वर्षांपूर्वी आम्ही एका खासगी शिकवणीवर्गाच्या प्रतिनिधीच्या तोंडून ऐकला. तो आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मोफत चाचणीचे अर्ज घेऊन आला होता. अर्जात नाव, पालकांचा दूरध्वनी क्रमांक, दहावीचे गुण आणि 'पुढे काय व्हायचे आहे' असे चार रकाने होते. "सर, तालुक्याच्या ठिकाणी लीड चांगली मिळते," तो म्हणाला. आम्हाला नीटसे कळले नाही. आम्ही अर्ज वर्गात वाटून टाकले. मे महिन्यात पालक विचारू लागले की लातूरहून, पुण्याहून, पार राजस्थानातल्या कोट्याहून फोन येताहेत, यांना आमचा नंबर कुणी दिला?

दिला होता आम्हीच. या प्रसंगानंतर आम्ही या शब्दाचा माग काढायचे ठरविले. तो माग आम्हाला वाटले त्यापेक्षा बराच मागे, कापसाच्या बाजारापर्यंत गेला.

शेवगाव तालुका जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. उत्तरेला गोदावरी आणि जायकवाडीचा फुगवटा, पलीकडे पैठण, पूर्वेला गेवराई. काळ्या जमिनीत कपाशी होते आणि जिनिंगचे कारखाने गावाला परके नाहीत. कापूस विकायचा म्हणजे एक पेच असतो. शेतकऱ्याला खरेदीदार माहीत नसतो आणि खरेदीदाराला कुणाच्या घरात किती कापूस पडून आहे हे माहीत नसते. दोघांची गाठ घालून देतो तो दलाल किंवा अडत्या, आणि त्याबद्दल घेतो ती दलाली किंवा अडत. त्याचे खरे भांडवल पैशाचे नव्हते, माहितीचे होते. कुणाचा माल कोरडा आहे, कुणाच्या घरी लग्न निघाले आहे, कुणाला सावकाराचे देणे दिवाळीआधी फेडायचे आहे, हे त्याला ठाऊक असे. ज्याची गरज मोठी, तो लवकर विकणार. आणि लवकर विकणारा स्वस्तात विकणार, हेही ओघाने आलेच.

त्यात भाव ठरे तो रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटे धरून आकडा ठरवीत. माल ज्याचा, तो शेजारी उभा असे, पण त्याला काही दिसत नसे. ही पद्धत बंद व्हावी, मापे खरी असावीत, कपाती ठराविक असाव्यात म्हणून बाजार नियंत्रित करण्याचे प्रयत्न सुरू झाले. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली पहिला नियंत्रित बाजार भरला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा आला, पुढे १९३९ साली सर्व शेतमालासाठी, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ साली. आज बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव होतो तो या शंभर वर्षांच्या खटपटीचा परिणाम. तरी दलाली कुणी द्यायची हा प्रश्न उरलाच होता. फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल महाराष्ट्रात थेट २०१६ च्या जुलैमध्ये झाला.

आता जाहिरातीकडे वळू. जाहिरात हाही गिऱ्हाईक शोधण्याचाच मार्ग, पण तिच्यात दलालापेक्षा एक मोठी उणीव होती. दलाल सौदा झाल्यावर पैसे घेई. वर्तमानपत्र मात्र जागेचे पैसे आधी घेई, मग गिऱ्हाईक येवो न येवो. किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत आड आली, असे सांगतात. अशा ठिकाणी नुसता छापील मजकूर काय करणार? पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे पत्र हळूहळू मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. कुणी वाचले हे अशा पत्राच्या वर्गणीदारांच्या यादीवरून कळते; त्यामुळे नांगर किती खपले हे मात्र कळत नाही.

हे मोजण्याची एक साधी युक्ती टपालाने दिली. आपल्याकडे व्ही.पी.ची सोय १८७७ पासून आहे. माल मागवा, पोस्टमन आला की पैसे द्या. जुन्या जाहिरातींतल्या पत्त्यात कधी कधी 'विभाग ७' असा निरर्थक वाटणारा आकडा असे. तो विभाग अस्तित्वात नसे. ती कोणत्या नियतकालिकातली जाहिरात वाचून पत्र आले याची खूण असे. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स या जाहिराततज्ज्ञाने खुणेच्या कुपनांचा हा मार्ग शास्त्र म्हणून मांडला. त्याचे पुस्तक १९२३ सालचे. जाहिरातीचा खर्च भागिले आलेली पत्रे, म्हणजे एका चौकशीची किंमत. आज ज्याला लीडची किंमत म्हणतात ती हीच. संगणकाचा तिच्या जन्माशी काही संबंध नाही.

संगणकाने केले ते इतकेच की मोजणी फुकट आणि तत्काळ झाली. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर पहिल्या पट्टीजाहिराती झळकल्या, आणि त्या वर्तमानपत्राप्रमाणेच जागेच्या हिशोबाने विकल्या गेल्या. १९९६ साली प्रॉक्टर अँड गँबल या साबणवाल्या कंपनीने याहूला सांगितले की जाहिरात नुसती दिसल्याचे पैसे देणार नाही, कुणी बोट दाबले तरच देऊ. त्याच वर्षी अॅमेझॉनने दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरून आलेल्या गिऱ्हाइकाने खरेदी केली तर कमिशन देण्याची योजना काढली. ही तर शुद्ध अडत. १९९८ साली 'गो-टू' या शोधयंत्राने शब्दांचा लिलाव सुरू केला. जो जास्त बोली देईल त्याची जाहिरात वर.

गूगलने २००२ साली यात जी सुधारणा केली ती वर्गात गणित म्हणून घेण्याजोगी आहे. समजा, ठिबक सिंचनाचे दोन विक्रेते आहेत. पहिला दर दाबणीस १० रुपये बोलतो, पण त्याची जाहिरात १०० जणांनी पाहिली तर एकच जण दाबतो. दुसरा ४ रुपयेच बोलतो, पण १०० पैकी ५ जण दाबतात. शंभर दर्शनांमागे पहिल्याकडून १० रुपये मिळतील, दुसऱ्याकडून २०. तेव्हा वरची जागा दुसऱ्याला. बोली आणि उपयोग यांचा गुणाकार, एवढेच ते सूत्र.

उदाहरण पुढे नेऊ. दुसऱ्या विक्रेत्याच्या जाहिरातीवर १००० जणांनी बोट दाबले. खर्च ४००० रुपये. त्यांतल्या ४० जणांनी आपला क्रमांक दिला. म्हणजे एक क्रमांक १०० रुपयांना पडला. पण काही क्रमांक चुकीचे, काही मुलांनी गंमत म्हणून भरलेले, काहींची जमीनच नाही. उरले १५. या १५ ना धंद्याच्या भाषेत 'पात्र' लीड म्हणतात, आणि अशी एक पडली सुमारे २६७ रुपयांना. पात्रता कशावरून ठरते? गरज आहे का, पैसे आहेत का, निर्णय याच माणसाच्या हाती आहे का, आणि घाई किती आहे. अडत्याच्या डोक्यातली यादी आठवते ना?

आपल्या देशात सामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि पुढच्याच वर्षी हा धंदाही आला. १९९६ साली मुंबईत 'जस्ट डायल' सुरू झाले. तेव्हा ते दूरध्वनीवर चाले: नळदुरुस्तीवाला हवा म्हणून फोन करावा, ते पत्ते सांगत, आणि पैसे भरणाऱ्या व्यावसायिकांना गिऱ्हाइकाची चौकशी कळवीत. त्याच वर्षीच्या 'इंडियामार्ट'वर विक्रेते खरेदीदारांच्या चौकशा विकत घेतात. यात वाईट काही नाही. ज्याला पंप हवा आहे त्याने स्वतः विचारले, पंपवाल्याने उत्तर दिले. दोघांचेही काम झाले.

पण पैसे कशाचे मिळतात यावर लबाडी कुठे होणार ते ठरते, असे आम्हाला हा इतिहास वाचताना वारंवार जाणवले. दर्शनाचे पैसे मिळत तेव्हा खोटी दर्शने निघाली, दाबण्याचे मिळू लागले तेव्हा खोट्या दाबण्या. आता क्रमांकाचे मिळतात, म्हणून क्रमांक गोळा होतात, आणि त्यातही एकच क्रमांक चार जणांना विकला तर चौपट उत्पन्न. फेसबुकने २०१५ साली असे अर्ज आणले की ज्यांत नाव आणि क्रमांक आधीच भरलेले येतात. दोन वेळा बोट टेकले की काम झाले. आपण काय दिले हे देणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. जाहिरातींचा लिलाव आज पान उघडताना क्षणार्धात होतो. ज्याच्यासाठी बोली लागते त्याला ती दिसत नाही. कारंज्यापासून शंभर वर्षे खपून काढलेला रुमाल पुन्हा पसरला गेला आहे, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

आमच्या वर्गात वाटलेला अर्ज या सगळ्यात बसतो. 'पुढे काय व्हायचे आहे' म्हणजे गरज, दहावीचे गुण म्हणजे मालाची प्रत, पालकांचा क्रमांक म्हणजे निर्णय घेणारा माणूस. मोफत चाचणी ही जाहिरात, आणि अर्ज वाटणारे आम्ही बिनपगारी दलाल. अडत्या निदान तोंडओळखीचा असे. त्याला दुसऱ्या दिवशी जाब विचारता येई.

कायदा या बाबतीत हळूहळू जागा होतो आहे. २००७ साली नको असलेले फोन थांबविण्यासाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. आज १९०९ या क्रमांकावर तशी नोंद करता येते. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातली कलमे टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. त्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती घ्यावी, मुलांना हेरून जाहिराती दाखवू नयेत असे म्हटले आहे. शिक्षकांनी ध्यानात घ्यावे असे आणखी एक कलम आहे: कागदावर घेतलेली माहिती नंतर संगणकात भरली, तरी तिला हा कायदा लागू होतो. म्हणजे वर्गात भरून घेतलेला कागदी अर्ज यातून सुटत नाही.

या वर्षी दुसऱ्या एका वर्गाचा प्रतिनिधी तसेच अर्ज घेऊन आला. आम्ही अकरावीच्या मुलांना वरचे गणित आधीच करायला दिले होते. अर्ज वाटण्यापूर्वी एका मुलीने त्याला विचारले, "आमच्या एका अर्जाचे तुम्हाला किती मिळतात?" तो हसला, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ते आम्हाला सांगत नाहीत, ताई. वरचे ठरवितात." त्याचा पगार त्या महिन्यात किती अर्ज भरले यावर होता, हे त्याने जाताना व्हरांड्यात आम्हाला सांगितले. अर्जांचा गठ्ठा तो तसाच परत घेऊन गेला.