शनिवार तेल्यांचा घाणा

आपल्या किनाऱ्याचा इतिहास म्हटला कीं सागरी किल्ले आणि आंग्र्यांचें आरमार डोळ्यांपुढें उभें राहतें. आज मी मात्र तोफांचा नव्हे, तर तेलाच्या घाण्याचा इतिहास सांगणार आहें.

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकांठीं नवगांव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी कीं, येथें त्यांच्या पूर्वजांचें तारूं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या आणि बुडालेल्यांस याच किनाऱ्यावर मूठमाती मिळाली. ही घटना कोणत्या काळीं घडली याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. ग्रंथ समुद्रांत गेले. उरली ती 'शेमा' ही प्रार्थना, सुंतेचा संस्कार, आहाराचे निर्बंध आणि शनिवारचा विसावा.

ही मंडळी खेडोपाडीं पसरलीं, शेती करूं लागलीं, तेल गाळूं लागलीं. घराशेजारीं घाणा, त्यांत फिरणारी लाट आणि झांपड बांधलेला बैल, असा तो संसार. शुक्रवारीं सूर्य मावळला कीं बैल सुटे. शनिवारीं घाणा मुका राही. म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस नांव दिलें 'शनिवार तेली'. सोमवारीं घाणा बंद ठेवणारे हिंदु तेली ते 'सोमवार तेली'. एकाचा देव सोमवारीं विसावा मागतो, दुसऱ्याचा शनिवारीं. गांवानें याहून अधिक चौकशी केली नाहीं.

पुढें दाविद राहाबी नांवाचा यहुदी गृहस्थ कोंकणांत आला. त्यानें नाना प्रकारची मासळी रांधावयास दिली, तेव्हां घरच्या स्त्रियांनीं बिनखवल्यांची मासळी वेगळी काढली. त्यावरून त्यास आपले धर्मबंधु ओळखूं आले, अशी कथा सांगतात.

इकडे अलिबागचें रूप पालटत होतें. शिवछत्रपतींनीं १६८० च्या सुमारास कुलाबा किल्ल्याचें काम हातीं घेतलें. कान्होजी आंग्र्यांनीं १७२९ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत तेथून दर्यावर सत्ता गाजविली. १८४० सालीं संस्थान खालसा झालें आणि अलिबाग कचेऱ्यांचें गांव बनलें. घाण्यावरचीं मुलें त्याआधींच कंपनीच्या पलटणींत शिरलीं होतीं. त्यांतील सामुएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईस या समाजाचें पहिलें सिनेगॉग बांधलें. अलिबागेस इस्राएल आळींत १८४८ सालीं 'मागेन अबोथ' उभें राहिलें. १९१० सालीं त्याची नवी वास्तु झाली.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र जन्मास आलें आणि घरामागून घर रिकामें होऊं लागलें. परंतु तेथें विवाहाच्या प्रसंगीं यांच्या यहुदीपणाविषयींच शंका घेतली गेली! पूर्ण मान्यता मिळाली ती १९६४ सालीं. जी खूण आमच्या निरक्षर कुणब्यानें त्यांच्या नांवांतच नोंदवून ठेविली होती, ती पटविण्यास त्यांस स्वकीयांपुढें इतकीं वर्षें झगडावें लागलें.

आज महाराष्ट्रांत हा समाज थोडा उरला आहे. २०१६ सालीं शासनानें यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. घरें गेलीं तरी किहीमकर, नवगांवकर, रोहेकर, पेणकर या आडनांवांत आमचीं गांवें परदेशींही नांदत आहेत. श्रोतेहो, आपल्या परसांत जुन्या घाण्याची उखळी वा लाट पडलेली असेल, तर ती सरपणास देऊं नका. एका समाजाचें धर्मशास्त्र ग्रंथ नसतांना तिच्याच आधारें टिकलें होतें.