ईस्टरची पहाट, कबरींच्या सोबतीने

ईस्टरला भल्या पहाटे दफनभूमीत जमायचं आणि तिथेच सूर्योदय पाहायचा, ही प्रथा जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या हेर्नहुट या लहानशा गावातून आली. मोराव्हिया प्रांतात धर्मापायी छळ सोसलेली काही कुटुंबं पळून आली, तेव्हा काउंट झिन्झेन्डॉर्फ यांनी त्यांना आपल्या जमिनीवर आसरा दिला. 1722मध्ये वस्ती उभी राहिली. दहा वर्षांनी, 1732च्या ईस्टरला, तिथले काही अविवाहित तरुण हुटबर्ग टेकडीवरच्या दफनभूमीत गेले आणि कबरींपाशी उभं राहून त्यांनी पहाटेची उपासना केली. पुढे सारी मंडळीच जाऊ लागली.

शुभवर्तमानांत येशूच्या कबरीकडे पहाटे स्त्रिया जातात आणि त्यांना कबर रिकामी आढळते. हे तरुण त्याच वाटेने गेले, पण त्यांच्यासमोरच्या कबरी रिकाम्या नव्हत्या. ज्यांच्यासोबत घरदार सोडलं, अशी माणसं तिथे मातीआड होती. भरलेल्या कबरींपुढे उभं राहून रिकाम्या कबरीची ग्वाही द्यायची, यातच मला या प्रथेचं सारं बळ दिसतं. शोक गिळून टाका, असं ती कुणालाही सांगत नाही.

मोराव्हियातून आलेल्या त्या कुटुंबांवरून मोराव्हियन म्हणवणारे हे लोक दफनभूमीला ‘देवाचं शेत’ म्हणतात. देह बियाण्यासारखा पेरला जातो, ही पौलाची शिकवण त्यामागे आहे. कबरीवर उभा दगड नसतो. जमिनीसरशी आडवी, साधी, एकसारखी शिळा असते. जुन्या रीतीप्रमाणे दफन कुटुंबवार होत नसे. विवाहित पुरुष, विवाहित स्त्रिया, अविवाहित, मुलं असे वेगळे भाग असत आणि ज्या क्रमाने मरण येई त्याच क्रमाने जागा मिळे. श्रीमंताशेजारी सुतार यायचा. पण नवराबायको शेजारी नसायची, आणि मागे राहिलेल्याला ते खचितच जड गेलं असेल. हेर्नहुटमध्ये झिन्झेन्डॉर्फ घराण्याच्या कबरी मात्र मोठ्या आणि मधोमध आहेत.

1732मध्येच लेओनहार्ड डोबर आणि डेव्हिड निट्शमान हे हेर्नहुटहून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांकडे सुवार्ता घेऊन निघाले. अशा मिशनऱ्यांबरोबर आणि वसाहतकऱ्यांबरोबर ही उपासना जगभर गेली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या सेलममध्ये ती 1772पासून होते. आदल्या दिवशी घरची माणसं शिळा घासूनपुसून फुलं ठेवतात. रात्री वाद्यवृंद गल्लोगल्ली भजनं वाजवत लोकांना उठवतात. पहाटे प्रभू उठला असल्याची घोषणा होते, सारे एकमुखाने तिला दुजोरा देतात आणि दफनभूमीकडे चालू लागतात. गेल्या ईस्टरपासून निवर्तलेल्यांची आठवण प्रार्थनेतच गुंफलेली असते.

याच सेलममध्ये 1816पासून काळ्या सभासदांचं दफन वेगळ्या जागी करायचं ठरलं. त्याआधी ते त्याच शेतात विसावत होते. सर्वांच्या पुनरुत्थानाची ग्वाही देणाऱ्यांनी माती वाटून घेतली, हा त्या विश्वासाचाच द्रोह होता.

आपल्याकडेही अनेक मंडळ्या ईस्टरला पहाटेची उपासना करतात. तुमची मंडळी ती मंदिराच्या आवारात करत असेल, तर एखाद्या वर्षी दफनभूमीत न्या. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला सोबत घ्या आणि प्रार्थनेत त्या माणसाचं नाव घ्या.