परसबाग (मुरुड परिसर, जि. लातूर)

परसबाग : घराच्या परसात किंवा घरालगतच्या मोकळ्या जागेत घरच्या गरजेपुरता भाजीपाला, औषधी व सुगंधी वनस्पती, फुलझाडे आणि एक-दोन फळझाडे एकत्र लावून केलेली बाग. ही नोंद लातूर तालुक्यातील मुरुड आणि त्याभोवतीच्या पठारी, अवर्षणप्रवण मराठवाड्यातील परसबागेच्या आखणीविषयी आहे. रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या हा दमट हवेतला निराळा प्रकार असून तो नमुना येथे उचलून आणता येत नाही.

लातूरचे मुरुड हे लातूर–बार्शी रस्त्यावरचे बाजाराचे मोठे गाव आहे. मांजरेला मिळणारी तावरजा या गावाजवळ उगम पावते. वर्षाचा पाऊस सरासरी ७०० ते ८०० मिमी.च्या आसपास पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात येतो आणि मधे तीन-तीन आठवड्यांचे खंड पडतात. नांदेडकडे पावसाचे प्रमाण थोडे अधिक असते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले, आणि ती गाडी मुरुड स्थानकावरूनच पुढे गेली. अशा मुलखात कोणती झाडे आवडतात हा प्रश्न नंतरचा. मार्च ते मे या तीन महिन्यांत बागेसाठी किती पाणी उरेल, हे आधी ठरवावे लागते.

पाण्याचा हिशेब : पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षभर भाजी पुरवणाऱ्या बागेसाठी कृषी पाठ्यपुस्तकांत २०० चौ. मी., म्हणजे जवळपास २ गुंठे जागा सांगितलेली असते. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या पहिल्या निम्म्यात एवढी जागा मुरुडलाही पिकते. उन्हाळ्यात मात्र भाजीच्या वाफ्याला दर चौ. मी.ला दिवसाकाठी निदान ५ लिटर पाणी लागते, म्हणजे २०० चौ. मी.ला रोज १,००० लिटर. ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हे शक्यही नाही आणि योग्यही नाही. म्हणून येथील बाग मृगात पसरणारी आणि होळीनंतर आकसणारी अशीच आखावी. उन्हाळी भाजीसाठी २० चौ. मी. जागा धरली, तर रोज १०० लिटर, म्हणजे ९० दिवसांना ९,००० लिटर पाणी पुरते. ५० चौ. मी. पत्र्याच्या छपरावर ७०० मिमी. पाऊस पडला तर ३५,००० लिटर पाणी येते. पहिल्या सरींचे धुवण आणि गळती वजा जाता २५ हजार लिटर तरी हाती लागतात. ते साठवायला १० हजार लिटरची झाकलेली टाकी बांधली, की उन्हाळी वाफा बोअरवर अवलंबून राहत नाही. टाकीचा खर्च जड वाटतो. तरीही परसबागेवर एकदाच मोठा पैसा घालायचा असेल तर तो रोपवाटिकेतल्या शोभेच्या झाडांपेक्षा टाकीवर घालावा.

न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी बागेला देण्याची चाल जुनीच आहे. मोरीच्या तोंडाशी केळी, अळू आणि कर्दळ लावतात, कारण या तिन्हींना ओल सोसते. कपड्यांच्या साबणातले क्षार मात्र काळ्या जमिनीत साचत जातात, म्हणून धुण्याचे पाणी रोज एकाच आळ्यात सोडू नये. कोथिंबीर, पुदिना अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांना सांडपाणी मुळीच देऊ नये. गळ्यापर्यंत पुरलेला, तोंड झाकलेला मातीचा माठ हा कमी पाण्यावर वेल जगवण्याचा चांगला उपाय आहे. माठ न रंगवलेला, पाझरणारा हवा. त्याभोवती दोन-तीन वेल सहज पोसतात.

जमीन : दख्खनच्या बेसाल्टापासून झालेली काळी माती पाणी धरते, कोरडी पडली की भेगाळते आणि ओली असताना तुडवली तर दगडासारखी बसते. तिच्यात चुनखडी असते तेथे लोह असूनही झाडाला मिळत नाही. मग पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिंबू आणि जास्वंदीवर हे लवकर दिसते. उकंड्यावरचे पुरते कुजलेले शेणखत हा यावरचा स्वस्त आणि टिकाऊ इलाज. अर्धवट कुजलेले खत हुमणी घेऊन येते. घराच्या पायाजवळ बहुधा बांधकामाचा मुरूम आणि चुना पडलेला असतो. तिथे खड्डा घेऊन माती बदलल्याशिवाय काही लावू नये.

पावसाळ्यात या मातीत पाणी तुंबून मुळे कुजतात, म्हणून मीटरभर रुंदीचे आणि वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. रुंदी मीटरहून जास्त झाली तर मधल्या तणापर्यंत हात पोचत नाही आणि वाफ्यात पाय पडतो. उन्हाळ्यात हेच वाफे मोडून सपाट, कडा उचललेले करावेत, म्हणजे दिलेले पाणी वाहून जात नाही. तुरीचा किंवा सोयाबीनचा भुसा दोन-तीन बोटे जाडीने अंथरला तर पाणी निम्म्याजवळ वाचते आणि भेगाही पडत नाहीत. सोयाबीनचा भुसा या भागात वाटेल तितका मिळतो. तो शेतात पेटवून देण्यासारखी दुसरी नासाडी नाही.

उन्हाची बाजू : मुरुड सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो. म्हणून उंच झाड किंवा मांडव दक्षिणेला घातला तर हिवाळी मेथी-पालकावर ऐन वाढीच्या दिवसांत सावली पडते. दोडका, कारले, वाल यांचा मांडव उत्तरेला घालावा. उन्हाळ्यात घात करते ते दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन, म्हणून शेवगा, हादगा आणि कढीपत्ता पश्चिमेच्या कडेला लावावेत. त्यांची सावली विरळ असते आणि ती नेमकी दुपारनंतर उन्हाळी वाफ्यावर येते. कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या बुडाशी मात्र भाजी धरत नाही. तिथे कोरफड, अडुळसा आणि बसायला बाज एवढेच असावे.

वर्षाची आखणी : विविधता म्हणजे एकाच वेळी वीस जाती लावणे, असा समज बिघाड करतो. तसे केले की श्रावणात दोडके शेजारी वाटावे लागतात आणि फाल्गुनात ताटात काहीच नसते. पिकण्याच्या वेळा वेगवेगळ्या ठेवणे हे खरे कौशल्य आहे. मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीला येते, कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत, भेंडी सात आठवड्यांत, दोडका-कारले दोन महिन्यांत. वांग्याचे रोप महिनाभर वाढवून लावल्यावर पुढे दोन महिने थांबावे लागते, पण मग ते कित्येक महिने फळ देत राहते. मेथी-कोथिंबिरीचा वाफा दर पंधरा दिवसांनी हातभर तेवढाच पेरावा. धने रगडून, दोन डाळी करून पेरले की उगवण एकसारखी होते. कोथिंबिरीशी या जिल्ह्याचे जुने नाते आहे: लातूरची कास्ती कोथिंबीर आणि पानचिंचोलीची चिंच या दोघींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मृगाच्या पावसावर भेंडी, गवार, चवळी, अंबाडी आणि सगळे वेल लावतात. हस्त-चित्रा नक्षत्रांत मेथी, पालक, शेपू, चुका, मुळा, गाजर, घेवडा, कांदा, लसूण येतात. करडईची आणि हरभऱ्याची कोवळी भाजी याच सुमारास शेतातून घरी येते, म्हणून बागेत तिला जागा देण्याची गरज नाही. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू हे माळवं पेरावे लागत नाही. खुरपताना ते तण समजून फेकू नये एवढेच. उन्हाळ्यात गवार, तांदुळजा आणि माठाभोवतीचे दोन वेल एवढ्यावर थांबावे.

टोमॅटो, वांगे, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली पिके असून त्यांचे रोगही सामाईक आहेत. ती काढल्यावर त्याच वाफ्यात चवळी, गवार किंवा घेवडा घ्यावा. भेंडीला पांढऱ्या माशीमार्फत येणारा पिवळ्या शिरांचा विषाणू हा येथला मोठा शत्रू. त्याला तोंड देण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये ‘परभणी क्रांती’ हे वाण दिले आणि ते देशभर पोचले. पुढे त्याची प्रतिकारशक्ती ओसरत गेली, तरी मराठवाड्याने देशाला दिलेल्या भाजीपाल्यात त्याचे स्थान मोठे आहे. किडीसाठी ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारावी.

फुले : फुलझाडांना भाजीच्या बागेतला शोभेचा कोपरा मानणे चूक आहे. डांगर, दोडका, कारले, दुधी यांना नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मधमाशी किंवा पतंग आला नाही तर फुलामागची कोवळी काकडी पिवळी पडून गळते. डांगराची पिवळी फुले सकाळी उमलतात. दुधीची पांढरी आणि दोडक्याची फुले सायंकाळच्या सुमारास. म्हणून सकाळच्या आणि सांजेच्या दोन्ही पाहुण्यांसाठी फुले हवीत: तुळस, झेंडू, बडीशेप, फुलावर सोडलेली कोथिंबीर आणि गुलबक्षी. झेंडूच्या मुळांतील द्रव्याने सूत्रकृमी कमी होतात हे खरे. पण वाफ्याच्या कडेला चार झाडे लावून ते साधत नाही. पूर्ण वाफ्यात दोन महिने दाट झेंडू घ्यावा लागतो. आषाढात लावलेला झेंडू दसऱ्याला फुलतो आणि मग तोच वाफा कांद्याला मोकळा होतो. मोगरा, शेवंती, जास्वंद, गोकर्ण देवघरापुरते पुरेसे आहेत. कण्हेर कमी पाण्यात फुलत असली तरी तिचे सर्व भाग विषारी आहेत. लहान मुले आणि शेळ्या असलेल्या घरी ती कुंपणाबाहेर असावी.

औषधी व मसाल्याच्या वनस्पती : तुळस, गवती चहा, पानओवा, पुदिना, अडुळसा, कोरफड आणि सावलीत हळदीचा एक वाफा एवढ्याने घरगुती गरज भागते. पुदिना पसरतो; त्याला फुटक्या घमेल्यातच ठेवावे. गुळवेलाला आधार हवा, पण तो लिंबूच्या झाडावर चढवू नये.

सणांची बाग : महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या, पत्रीसाठी आघाडा, केणा, दूर्वा, दसऱ्याचा झेंडू या मागण्या बागेत आपोआप विविधता टिकवतात. लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली दर्शवेळा अमावस्या, ही तर बागेची परीक्षाच. त्या दिवशी शेतात आंबिलाबरोबर जी भज्जी होते तिच्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंचेचे पाणी आणि बेसन एकत्र शिजते. तिच्यातले किती जिन्नस विकत आणावे लागले, यावरून त्या वर्षीची आखणी कशी जमली ते कळते.

श्रम आणि संस्था : परसबागेचा निर्णय बहुधा घरातल्या बाईचा असतो आणि तिथले पाणीही तिच्याच डोक्यावरून येते. ज्या आखणीने तिच्या खेपा वाढतात ती आखणी कितीही सुंदर असली तरी टाकून द्यावी. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीच्या कामातून पुढे आलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर, धाराशिव भागात स्त्रियांच्या हाती निर्णय असलेली एक एकर शेती उभी केली. तिच्यात भाज्या, डाळी आणि धान्य आधी घरच्या ताटासाठी पिकवायचे असते. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लातूरला रेल्वेने पाणी येत होते, म्हणून हा पुरस्कार विशेष मोलाचा. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने बचत गटांतून पोषण परसबागा केल्या. शाळांच्या आवारातही त्या होतात. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालणारे कोणी नेमले नसेल, तर शाळेची बाग जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

बियाणे : संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच निपजत नाही, म्हणून घरच्या बागेत निदान वेलभाज्या, वांगी, अंबाडी, वाल गावरान असावेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला तो अशाच बियांच्या राखणीसाठी. बियांचा दोडका आणि दुधी वेलावरच वाळू द्यावा. फळ पहिल्या बहरातले, निरोगी झाडाचे घ्यावे. डांगराच्या दोन जाती जवळ असतील तर त्यांचा संकर होतो. डांगर आणि दुधी यांचा होत नाही. कडू लागलेला दुधी किंवा दोडका खाऊ नये, शिजवूनही नाही, आणि त्याचे बीही ठेवू नये. त्यातले कडू द्रव्य जिवावर बेतू शकते. बी राखेत घोळून, कोरड्या गाडग्यात, तोंड बांधून ठेवतात. नीट वाळवलेले वांग्याचे आणि टोमॅटोचे बी तीन-चार वर्षे उगवते, वेलभाज्यांचे चार-पाच वर्षेही. कांद्याचे बी वर्षभरातच निकामी होऊ लागते, त्यामुळे ते दर हंगामाला ताजे घ्यावे.