जोड कोणी लावली?

मंडळी, कुस्तीच्या विषयावर बोलण्यासाठी मजूर संघटनेच्या कार्यकर्त्याला का उभे केले, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. आम्ही नामांकित मल्ल नाही, आणि कुस्तीचे पंचही नाही. परंतु पैलवान हा अंगमेहनतीवर जगणारा माणूस आहे. त्याचे शरीर हेच त्याचे अवजार, आणि ते अवजार एकदा मोडले की बाजारात दुसरे मिळत नाही. जेथे अंगमेहनत विकली जाते तेथे ती विकत घेणारा कोणीतरी असतोच. आखाड्यात तो सहसा दिसत नाही, एवढेच. त्याचा माग काढावा, आणि कुस्ती पाहणाऱ्या लोकांनी वेळोवेळी जो निवाडा दिला तो कोठे बरोबर ठरला व कोठे चुकला हे तपासावे, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

कुस्तीचा प्रेक्षक गप्प बसणारा नसतो. दंगल आटोपून माणसे घराकडे निघाली की वाटेवर, पारावर, चहाच्या दुकानात तीच कुस्ती पुन्हा लागते. पाठ पुरती टेकलीच नव्हती, असे एक म्हणतो. पंचाने घाई केली, असे दुसरा म्हणतो. जोडच विषम होती, एकाच्या अंगात दम नव्हता, दुसऱ्याने वेळ काढला, अशी मते निघत राहतात. परंतु या सर्वांहून कडक असा एक शेरा आहे, आणि तो एकाच शब्दाचा आहे: ‘नुरा’. नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून, एकमेकांस सांभाळून, पैशासाठी केलेली लुटुपुटीची लढत. हा शब्द कानी पडला की चांगल्या पैलवानाचे तोंड उतरते. आमच्या मते हा केवळ शिवीचा शब्द नाही. लोकांनी या धंद्याविषयी जे शतकभर विचारले आहे, ते सारे या शब्दात आले आहे.

हा शब्द एवढा का झोंबतो, हे कळण्यासाठी गावच्या दंगलीची जुनी रीत आठवावी. आपल्या वऱ्हाडात नागपंचमीला किंवा जत्रेला दंगल भरते. आरंभी लहान पोरे मातीत उतरतात, मग इनामाचा आकडा वाढत जातो. जोड लावताना दोघांना सर्वांसमक्ष शेजारी उभे करतात. वय, उंची, अंगलट लोक डोळ्यांनी तोलतात, आणि जोड विषम दिसली तर चारी बाजूंनी ओरडा होतो. इनाम मोठ्याने पुकारले जाते. पंच लोकांच्या ओळखीचे असतात. निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवतात, तीही सर्वांच्या डोळ्यांदेखत. म्हणजे जोड, इनाम आणि पंच या तिन्ही गोष्टी उघड्यावर असत. यात सारे न्यायाचेच होते असा आमचा भोळा समज नाही. पंच बहुधा गावातील वजनदार घराण्यांतले असत, आणि त्यांच्या मर्जीतल्या पोराला झुकते मापही मिळे. परंतु पक्षपात झाला तर तो कोणी केला, हे गावाला ठाऊक असे.

यापुढचा इतिहास म्हणजे या तीन गोष्टी हळूहळू पडद्याआड कशा गेल्या याचा इतिहास होय.

संस्थानी काळात पैलवानाचा पोशिंदा राजा होता. कोल्हापूरचे शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडला गेले असता वाटेत त्यांनी रोमचे प्राचीन रंगमंडल पाहिले, आणि पुढे त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे राहिले. १९१२ साली ते खुले झाले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मातीतला डाव दिसतो. प्रेक्षकाला स्पष्ट दिसले पाहिजे, हा या बांधणीमागचा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. उत्तरेकडील मल्लांनाही कोल्हापुरात आश्रय होता. राजाश्रयात पैलवानाचा खुराक सुटला, परंतु तो राजाच्या मर्जीवर राहिला.

त्याच सुमारास विलायतेत तिकिटाची कुस्ती जोरात होती. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपला गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची लढत झाली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक गादीला बिलगूनच राहिला, आणि पैसे मोजून आलेले प्रेक्षक वैतागले. पुढच्या आठवड्यात, १७ तारखेला, तो फिरकलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले. लंडनच्या लोकांनी १९१० मध्ये जे ओळखले होते, त्यावर अठरा वर्षांनी शिक्का बसला. प्रेक्षकाची नजर कच्ची नसते, याचा हा एक दाखला.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात आले. राजाचा खुराक बंद झाला, आणि त्या जागी तिकीट विकणारा ठेकेदार आला. आता जोड लावण्याचा हेतू बदलला. दोघे तोलाचे आहेत की नाहीत यापेक्षा दोघांची नावे ऐकून किती माणसे तिकीट काढतील, हा विचार आधी होऊ लागला. या बदलाचा सर्वांत जळजळीत अनुभव एका स्त्रीच्या वाट्याला आला, म्हणून तिची हकीकत आम्ही जरा विस्ताराने सांगतो.

हमीदा बानू ही उत्तर प्रदेशातली पैलवान. अलीगढच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. १९५४ साली तिच्या नावाने जाहिरात फिरली की, जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्यास तिने बाबा पहलवानास १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. मुंबईत व्हेरा चिस्तिलिन या रशियन स्त्री-मल्लास तिने मिनिटभरही टिकू दिले नाही. पण कोल्हापुरात तिने एका पुरुष पैलवानास हरवले तेव्हा लोकांनी हुर्यो केली, दगड फेकले, ही कुस्ती म्हणजे थट्टा आहे असे म्हटले, आणि जमाव आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची लढत स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. अखेर तिने मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यावर उत्तर आले ते असे की, बंदी ती स्त्री आहे म्हणून नाही. ठेकेदार तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत, म्हणून आहे.

मंडळी, या उत्तराचा नीट विचार करा. तक्रार कोणाविरुद्ध? ठेकेदाराविरुद्ध. नकली माणूस कोणी आणला? ठेकेदाराने. आणि भाकरी कोणाची बंद झाली? हमीदा बानूची. कापड गिरण्यांत असेच चाले. मालक हलका कापूस आणी, सूत तुटे, कापडात दोष येई, आणि दंड मात्र विणकराच्या पगारातून कापला जाई. कोल्हापूरच्या प्रेक्षकांना कुस्तीत खोट वाटली, तर तसे वाटण्याचा त्यांना अधिकार होता; पिढ्यान्‌पिढ्या खरी कुस्ती पाहिलेले ते लोक. बाई पुरुषाला पाडते हे सहन न झाल्यानेही काही हात दगडाकडे गेले असतील, हे आम्ही नाकारत नाही. पण खोट होती असे धरले तरी दगड गेले ते मातीत उभ्या असलेल्या बाईच्या दिशेने. ज्याने जोड लावली आणि गल्ला मोजला, त्याचे नावही आज कोणाला आठवत नाही. हमीदा बानूने पुढील आयुष्य कल्याणला दुधाच्या धंद्यावर काढले, आणि १९८६ साली ती वारली.

तोच काळ मुंबईत दारासिंगच्या उदयाचा होता. अमृतसर जिल्ह्यात १९२८ साली जन्मलेला हा पंजाबी तरुण १९५४ मध्ये रुस्तम-ए-हिंद झाला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दोरांच्या चौकटीत त्याच्या फ्री-स्टाईल कुस्त्या होत. हंगेरीचा अवाढव्य किंगकाँग हा त्याचा गाजलेला प्रतिस्पर्धी. २९ मे १९६८ रोजी दारासिंगने मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवून जगज्जेतेपद घेतले. या कुस्त्यांवरून प्रेक्षकांत दोन तट होते. तालमीत घाम गाळलेले जुने लोक म्हणत, ही तर नुराच. तरुण म्हणत, किंगकाँगसारखा डोंगर उचलून आपटणे हे नुरात होईल काय? आणि या दोहोंच्या मधला एक शहाणा माणूस प्रत्येक गर्दीत असतो. त्याचे म्हणणे असे की, निकालाचे आपल्याला ठाऊक नाही. परंतु आपटी खरी आहे, पाठ खरी आहे, दुखणे खरे आहे. आमचे मत या तिसऱ्या माणसासारखे आहे.

कारण पडद्यामागचा कारभार अमेरिकेत पुढे कागदोपत्रीच उघड झाला. तेथील ठेकेदारांनी १९४८ साली नॅशनल रेसलिंग अलायन्स नावाचा संघ बांधला. प्रदेश आपसांत वाटून घेतले, विजेता कोण हे एकत्र बसून ठरवले, आणि जो मल्ल ऐकणार नाही त्याला कोठेच काम मिळू नये अशी व्यवस्था केली. १९५६ साली अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली या संघाला वेसण घातली. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा या मल्लाने कुस्तीगिरांची संघटना बांधण्याचा यत्न केला, तो फसला. १९८९ साली तेथील सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सी राज्यापुढे स्वतःच सांगितले की, आमचा हा खेळ म्हणजे करमणूक आहे, त्यावर क्रीडा खात्याची देखरेख नको. त्यानंतर प्रेक्षक पळून गेले काय? मुळीच नाही. गोष्ट चांगली रचली की वाईट, कोणाला पट्टा द्यायला हवा होता आणि कोणाला उगाच दिला, यावर ते अधिकच हिरिरीने वाद घालू लागले. आपल्याकडच्या पोरांनीही १९९० नंतर दूरचित्रवाणीवर हे खेळ पाहिले, मल्लांची चित्रे असलेल्या कार्डांचे डाव मांडले, आणि २००७ साली दलीपसिंग राणा, म्हणजे खली, तेथे विजेता झाला तेव्हा आनंद मानला. नुरा उघड झाली, आणि उघड झाल्यावर तिची लाज उरली नाही. मात्र मजुरीचा प्रश्न झाकलेलाच राहिला. तेथील मल्ल आजही कंपनीचे नोकर गणले जात नाहीत. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून राबतात.

आता घराकडे वळू. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. ठेकेदाराच्या जागी संस्था, नियम आणि गुण आले, ही मोठी सुधारणा होती. परंतु जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत एका टांगेला चार गुण दिले गेले, आणि राज्यभर वादळ उठले. लोकांनी मोबाईलवर तो एक क्षण पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. पंचाला दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार झाली. त्याच वर्षी संघटनेतील फाटाफुटीने नोव्हेंबरात दोन निरनिराळ्या स्पर्धा भरल्या: पुणे जिल्ह्यातील फुलगावला सिकंदर शेख केसरी झाला, धाराशिवला शिवराज राक्षे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पराभवाचा निर्णय न पटल्याने राक्षेने पंचाला लाथ मारली, आणि गायकवाड अंतिम लढत अर्धवट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नाही. परंतु एकाच वर्षात दोन केसरी निर्माण करणाऱ्या कारभारावर किती वर्षांची बंदी घालावी, हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे की नाही?

याच जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे मल्ल राष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप करून धरण्याला बसले. पदके मिळवलेल्या मल्लांनाही दाद मागण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या आम्हांला त्या दृश्यात काहीही अनोळखी वाटले नाही.

तेव्हा या इतिहासाचे सार काय? प्रेक्षक खोट ओळखण्यात क्वचितच चुकतो. ती कोणाची हे ठरवण्यात मात्र वारंवार चुकतो. समोर दिसतो तो पैलवान आणि पंच, म्हणून राग त्यांच्यावर निघतो. कोल्हापूरचे दगड आणि २०२३ चा धमकीचा दूरध्वनी ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत.

पैनगंगेच्या खोऱ्यातल्या आपल्या गावांतूनही दंगली भरतात. त्या भरवणाऱ्या मंडळींना आणि पाहणाऱ्या आपल्या सर्वांना आमचे सांगणे थोडके आहे. मोठ्या कुस्त्यांच्या जोडी वजनासह आधी फलकावर लावा. इनामाचा आकडा पुकारला तेवढाच मैदानात, सर्वांसमक्ष, हातावर ठेवा. आणि हरणाऱ्यालाही त्याच्या श्रमाचे द्या. पंच आयोजकांच्या घरचा नसावा. कोणाचा खांदा निखळला, गुडघा गेला, तर औषधपाण्याचा खर्च कोण करणार हे हलगी वाजण्यापूर्वी ठरलेले असावे. येत्या नागपंचमीला दंगलीस जाल तेव्हा आखाड्याच्या कडेला बसून हे चार प्रश्न समितीला मोठ्याने विचारा. उत्तर मिळाले तर निश्चिंत मनाने कुस्ती पाहा. न मिळाले तर निकालावर वाद घालण्यापूर्वी, जोड कोणी लावली एवढे विचारून घ्या.