उसाचे बेणे आणि टनामागे एक रुपया

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा तालुका. इथल्या शेतात उभ्या असलेल्या ‘को ८६०३२’ या उसाचा संकर मात्र झाला तमिळनाडूत. नावातला ‘को’ म्हणजे कोइमतूर. स्वतःला न परवडणारे संशोधन बाहेरून करून घेणे, याला आज ‘आउटसोर्सिंग’ म्हणतात. शब्द नवा आहे, व्यवहार जुना.

पूर्व जावातील पासुरुआन येथे १८८७ साली साखर संशोधन केंद्र सुरू झाले. एकेका कारखान्याला प्रयोगशाळा झेपणारी नव्हती, म्हणून डच कारखानदारांनी वर्गणी काढली. १९२१ मध्ये तिथे ‘पीओजे २८७८’ ही जात निघाली आणि काही वर्षांत तिने जावाचे जवळजवळ सारे उसाचे क्षेत्र व्यापले. पण जमीन होती तिथल्या, बहुतांशी मुसलमान, शेतकऱ्यांची. कारखाने ती भाड्याने घेत. वाढलेली साखर कारखानदाराची. शेतकऱ्याला जमिनीचे भाडे आणि मजुरी. संशोधनाला प्रश्न कोणी विचारायचा, हे वर्गणी देणाऱ्यानेच ठरवले होते.

भारतात वाट वेगळी निघाली. १९१२ मध्ये कोइमतूरचे केंद्र सरकारी खर्चाने उभे राहिले. बार्बर आणि वेंकटरामन यांनी उसाचा रानटी कांस गवताशी संकर करून १९१८ साली ‘को २०५’ दिली. महाराष्ट्रात १९३२ पासून पाडेगावचे केंद्र आहे. पुढे सहकारी कारखाने वाढले आणि १९७५ मध्ये त्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला संस्था काढली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखाने तिला गाळपाच्या टनामागे एक रुपया देतात. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे होतात पाच लाख रुपये. तेवढ्यात एकट्याची प्रयोगशाळा चालत नाही. राज्याचे गाळप दहा कोटी टनांच्या घरात गेले की हाच रुपया दहा कोटी होतो.

मोठी कंपनीही संशोधन बाहेर देते, पण आलेले काम तपासायला तिच्या पदरी शास्त्रज्ञ असतात. लहानाची खरी अडचण इथे आहे. पाडेगाव फलटण तालुक्यातल्या कमी पावसाच्या पट्ट्यात. तिथे उत्तम ठरलेला ऊस गगनबावड्याच्या धो धो पावसात आणि ढगाळ हवेत तसाच येईल असे नाही. वेसरफ-पळसंब्याला कारखाना आहे. त्याच्या शेती विभागाने आणि सभासदांनी चार गुंठ्यांत का होईना, स्वतः लावून पाहिलेच पाहिजे. संशोधन बाहेरून आणता येते, पारख बाहेरून आणता येत नाही.

आणि गुऱ्हाळघराचे काय? तिथे टनामागे रुपया गोळा करणारे कोणी नाही. काहिलीतल्या रसाची मळी भेंडीच्या चिकाने काढणे, पाक नेमका कधी उतरवायचा हे ओळखणे, ही विद्या गुळव्याच्या हातात. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा, म्हणून हायड्रॉससारखी रसायने आली. रसायनाशिवाय चांगला, टिकाऊ गूळ कसा करावा, हा प्रश्न कोणत्याही मोठ्या कंपनीला पडत नाही. तो कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राला पडतो, कारण ते सार्वजनिक पैशावर चालते. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव जपले गेले, आता कसब जपायचे आहे.

ज्यांना वर्गणीही देता येत नाही, त्यांची प्रयोगशाळा म्हणजे सरकारी केंद्र. त्याचा निधी आटला, तर गुळव्याच्या वतीने प्रश्न विचारणारे कोणी उरणार नाही.